काढून ठेवलेली गाणी

बाबांची गाणी आम्ही कपड्यांच्या कपाटात ध्वनिमुद्रित केली. सिंगापुरात बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटसमोरच्या पुलावरून एमआरटीची मेट्रो जाते आणि खाली मुलांचं मैदान आहे. घरात त्यातल्या त्यात शांत जागा कपाटाचीच होती. कपाटाचं दार उघडून, टांगलेल्या शर्टांकडे तोंड करून बाबा खुर्चीवर बसत. पंखा आणि एसी बंद. गाणं झालं की घाम पुसत म्हणत, या शर्टांनी एकदाही वन्स मोअर दिला नाही.

तरुणपणी बाबा मराठवाड्यातल्या आमच्या गावी जलसा पार्टीत गात. गाणी पार्टीतल्याच एका शाहिराने रचलेली. ती कधी छापली गेली नाहीत. शाहीर गेले, ढोलकीवाले गेले. सगळ्या चाली आठवणारे बाबाच उरले. कोरसमधले काही म्हातारे अजून गावात होते. त्यांना ही गाणी जयंतीच्या दिवशी विहारात ऐकवायची, असा शब्द देऊन बाबा सिंगापूरला आले होते.

फायलींची व्यवस्था माझ्याकडे होती. पूर्वी मी पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. आता तांजोंग पगारच्या एका ऑफिसात कंपन्यांचे अहवाल तपासते. प्रत्येक गाण्याचं वेगळं फोल्डर केलं. त्यात मूळ ध्वनिमुद्रण, साफ केलेलं आणि अंतिम. लॅपटॉपला एक हार्ड डिस्क कायम जोडलेली असे. लॅपटॉपवर जे होई ते डिस्कवर आपोआप होई. याला मी बॅकअप म्हणत होते. ‘जे होई ते’ यात पुसणंही आलं, हे मला माहीत होतं. त्याचा विचार केला नव्हता.

बाबा परत गेल्यावर त्यांचे खिळखिळे झालेले दात डॉक्टरांनी काढले आणि कवळी बसवली. बोलताना ‘स’ आणि ‘च’ची शिट्टी वाजू लागली. त्यांनी गाणं थांबवलं. आपलं सगळं तिकडे भरून ठेवलंय, आता काळजी नाही, असं ते फोनवर सांगत.

मग लॅपटॉप भरला. माझ्या मुलीला शाळेसाठी व्हिडिओ करायचा होता आणि जागा नव्हती. तिचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगला निघाले होते. चालता चालता मी व्हॉइस मेसेज पाठवला: ‘आजोबांची गाणी काढून ठेव, जागा होईल.’ रिकामी नवी डिस्क टेबलावर होती. तिच्यावर उतरवून ठेव, असा माझा अर्थ. उत्तर आलं, ‘ओके, डन.’

जयंती जवळ आली. बाबांनी व्हिडिओ कॉल करून गाणी मागितली. त्यांच्यासमोरच मी लॅपटॉप उघडला. गाण्यांचं एकही फोल्डर नव्हतं. जोडलेल्या डिस्कवरही नव्हतं. नवी डिस्क कोरी होती. डिलीट केलेल्या फायली जिथे पडून राहतात ती जागाही रिकामी केलेली होती. मी मुलीला बोलावलं आणि चुकीची बातमी छापून आल्यावर डेस्कवर ज्या आवाजात विचारत असू, त्या आवाजात विचारलं.

तिने फोनवर माझा मेसेज लावला. तो आम्ही तिघांनी ऐकला.

“यू सेड काढ,” ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. “काढ मीन्स रिमूव्ह, लाह.”

मी तिला सांगायला लागले की काढून टाकणं वेगळं आणि काढून ठेवणं वेगळं. बाबांनी मला थांबवलं.

“तिला कुठून कळणार? दारात रोज काय सांगतेस तिला? बूट काढून ठेव. तशी काढली तिनं.”

ते खरं होतं. डेस्कवर ‘फोटो काढून ठेव’ म्हटलं की तो जपला जाई. आमच्या घरात ते शब्द फक्त बुटांसाठी उरले होते. तुझ्यासाठी खाऊ काढून ठेवलाय, असं मी मुलीला कधी म्हटलं नव्हतं. फ्रिजमध्ये आहे, एवढंच सांगत आले होते. दिवसभर शब्द तपासणाऱ्या बाईच्या घरात हे झालं होतं.

गेलेल्या फायली परत मिळवणारं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. काही नावं मिळाली. उघडल्यावर खरखर होती.

जयंतीला बाबांनी विहारातून कॉल केला. म्हातारे ओळीने बसले होते. कोरसमधल्या एकाने टोमणा मारला, “कपाटात बसून गायलास म्हणे. मग गाणी काय कपाटातच राहिली?”

“माझ्याच मोबाइलमधून उडाली,” बाबा म्हणाले. “नको ते बटण दाबलं मी.”

बाकीचे हसले. आमच्याकडचा माइक बंद होता. तो सुरू करायला माझा हात पुढे झाला नाही. शेजारी बसलेल्या मुलीने तो सुरू केला.

“आजोबा, नाही. तुम्ही नाही. मी टाकली. मम्माने ठेव म्हटलं होतं.”

तिने माझं वाक्य दुरुस्त करून सांगितलं होतं: मी बोलले ते नव्हे, मला म्हणायचं होतं ते. त्यामुळे चूक पूर्णपणे तिच्या नावावर गेली, आणि ते मी जाऊ दिलं.

तिकडे कोणी तरी, ही कोण, असं विचारलं. नात, असं म्हणून बाबांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि गायला सुरुवात केली. बोळक्या तोंडातून निम्मे शब्द कळत नव्हते. शिट्टी मात्र नव्हती. चाल कळली तसा कोरस मागून आला, आधी एक आवाज, मग सगळे. मुलगी आपल्या फोनवर ते ध्वनिमुद्रित करत होती. ते तिला मी सांगितलेलं नव्हतं.

गाणं संपल्यावर मी म्हणाले, “चूक तिची नाही. माझी आहे.” पुढचं गाणं कोणतं घ्यायचं यावर तिकडे वाद सुरू झाला होता. कोणाला ऐकू गेलं नाही.

मुलीला गेलं. “आय नो,” ती म्हणाली. तिने फोनमधून डोकं वर काढलं नाही.