महालक्ष्मीची झडती

आमच्या घरी दिवसातून तीन वेळा गिनती व्हायची. सकाळी दूध आलं की, दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी दिवा लागला की. काका जन्मभर तुरुंगात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी खाकी कपडे ट्रंकेत ठेवले, पण शिट्टी ठेवली नाही. ती वाजली की हातातलं काम टाकून ओसरीत रांगेत उभं राहायचं. काकू, आई, मी आणि धाकटी. "एक, दो, तीन, चार. गिनती पूरी!" असं काका स्वतःलाच सांगायचे आणि मगच पानं वाढली जायची. त्यामुळे रोज दुपारी तव्यावरची एक पोळी हटकून जळायची. ती गिनतीची पोळी आम्ही आळीपाळीने खायचो.

बाबा रेल्वेत होते, इटारसीला. महिन्यातून एकदा यायचे आणि तेही मुकाट्याने रांगेत उभे राहायचे. नानाखेड्याचं ते घर काकांचं होतं. माझी शाळा चौथीनंतर काकांनीच बंद केली. "पत्र वाचता येतं, सही करता येते. बस, हो गया," म्हणाले. बाबांनी मान हलवली.

तेव्हा कॉलनीत नवी नवी केबल आली होती. काका पेपर वाचून म्हणायचे, "दिल्लीवाले देशाची दारं उघडतायत. उघडू देत. या घराची कडी माझ्या हातात आहे."

ती कडी जिन्याखालच्या कोळशाच्या खोलीची होती. तिला आम्ही कोठडी म्हणायचो. कुलपाची चावी काकांच्या जानव्याला बांधलेली असे. मी तीनदा आत जाऊन आले होते. मला काही झालं नाही. दोन दिवस नाक शिंकरलं की काळं यायचं, इतकंच. पण धाकटीला दमा होता. होळीच्या सुमारास तिला तासभर कोंडलं, तर बाहेर काढली तेव्हा ओठ निळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मला बोलवायलाही वेळ मिळणार नाही." काका म्हणाले, "डॉक्टर लोक नाजूकपणाची सवयच लावतात."

त्याच वर्षी महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी, नैवेद्याच्या आधी, धाकटीने फुलोऱ्यातली करंजी खाल्ली.

फुलोरा म्हणजे करंज्या, साटोऱ्या दोऱ्याने बांधून दोघी महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगतात. नैवेद्य दाखवेपर्यंत त्याकडे बघायचंसुद्धा नाही. ही पाच वर्षांची, स्टुलावर चढली आणि दोरा न सोडवता, वरच्या वरच अर्धी करंजी खाल्ली. उरलेली अर्धी दोऱ्याला लोंबकळत राहिली. तिच्यातलं सारण ज्येष्ठेच्या मुकुटावर सांडलं होतं.

काका आरतीला आले. त्यांनी वर पाहिलं, मुकुट पाहिला आणि शिट्टी वाजवली.

"एक, दो, तीन..."

चौथं कुणी नव्हतंच.

करंजी राहिली बाजूला. गिनतीत एक कमी म्हणजे काकांच्या लेखी जगबुडी. त्यांनी पुढचं दार लावलं, मागचं लावलं, पलंगाखाली काठी फिरवली. मग आमच्यासमोर उभे राहिले. "करंजी किसने खाई?"

"मी," मी म्हणाले. काकांसमोर माझा आवाज कधीच निघत नसे, त्यामुळे तो कुणालाच ऐकू गेला नाही.

"भाऊजी, मी खाल्ली," आई म्हणाली.

"काहीतरीच काय! मी खाल्ली," काकू म्हणाली. "सकाळपासून पोटात आग पडली होती."

"अर्धी करंजी दोघींनी खाल्ली?"

"मोठी होती," काकू म्हणाली.

तेवढ्यात ज्येष्ठा महालक्ष्मी खोकली.

काकांनी आधी हात जोडले. मग हळूच सोडले. आमच्या महालक्ष्म्या लोखंडी सळ्यांच्या पोकळ सांगाड्यावर उभ्या असत, वरून भारी साडी. पाच वर्षांचं पोर आत सहज मावतं.

"झडती घ्या!" काका म्हणाले.

"ज्येष्ठेची?" काकू म्हणाली. "बसलेल्या देवीच्या निऱ्यांना हात लावू? मी नाही लावणार. तुम्ही तर पुरुषमाणूस."

काका निऱ्यांपर्यंत गेले आणि थांबले. आयुष्यभर त्यांनी भल्याभल्यांच्या झडत्या घेतल्या असतील, पण इथे हात पुढे जाईना. शेवटी त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर पहारा देत बसले. "निकलेगी. कभी तो निकलेगी. मग कोठडी."

आतून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला. तो धाकटीच्या छातीचा होता. आई एक पाऊल पुढे झाली. आतच राहिली तर गुदमरेल, बाहेर आली तर कोठडीत गुदमरेल.

काकूने काकांपुढे तळहात धरला. "चावी द्या."

"काय?"

"कोठडीची चावी. देवीच्या ओटीत घालायचीय. ओटी भरली की तीच बाहेर पाठवील पोरीला."

"मला अट घालतेस?"

"मी कोण घालणार? ऐका ना, कशी बोलावतेय."

आतली शिट्टी अजून बारीक झाली. काकांचा हात जानव्याकडे गेला. घामाने गाठ घट्ट झाली होती, सुटेना. नखाने झालं, दाताने झालं.

"कात्री आणू का?" मी म्हणाले. या वेळी मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आईच्या मागे गेले. पण गाठ सुटली. काकूने चावीला हळदकुंकू लावलं, खणात गुंडाळली आणि ज्येष्ठेच्या ओटीत खोचली. मग तिनेच निऱ्या बाजूला केल्या. धाकटी घामाने चिंब होऊन बाहेर आली. आईने तिला उचलून खिडकीशी नेलं, पाठ चोळली, औषध दिलं. बऱ्याच वेळाने छाती मोकळी झाली, तेव्हा ती वर बघून म्हणाली, "ती अर्धी पण मिळेल?"

काकांनी शिट्टी वाजवली. "एक, दो, तीन, चार. गिनती पूरी." आवाज जरा बसला होता.

ओटीतली चावी काढायची काकांची काही हिंमत झाली नाही. काकूने ती खणासकट देवीच्या पेटीत ठेवून दिली. चार दिवसांनी काका बाजारातून नवीन कुलूप घेऊन आले. काकू तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "चाव्या किती आल्या याच्याबरोबर?"

"दोन."

"छान झालं. महालक्ष्म्याही दोनच आहेत."

ते कुलूप पुढे बाबांच्या सायकलला लागलं.