आई मोह वेचायला गेली का?

शाळेतल्या मैत्रिणींनो, प्रार्थनेच्या घंटेआधी व्हरांड्यात बसून आपण एकमेकींच्या वेण्या घालायचो, आठवतं?

सध्या शेजारची पिंकी वेणी घालायला माझ्याकडे येते. तिची आई पहाटेच मोहाची फुलं वेचायला जाते. जंगलात रेंज नसते, म्हणून फोन पिंकीकडे ठेवते. आज वेणी घालताना त्या फोनवर मेसेज आला: ‘आई मोह वेचायला गेली का?’

“कोण गं?”

“गेममधली ताई हाय, बाई. मले बहुत समजून घेते.”

नववीतली पोर, हळूहळू बोलली. ताईनं बँकेचा ओटीपी मागितला, तो तिनं दिला. आता ताई फोटो मागते. “नाई देला तर ओटीपीचं मायले सांगतो म्हणते.”

तेवढ्यात दुसरा मेसेज आला: ‘शेजारच्या बाईकडे आहेस ना?’

माझे हात थांबले. त्या अनोळखी माणसाला आमचं सगळं ठाऊक होतं. पिंकीनंच विश्वासानं सांगितलेलं.

निरोप धाडून तिच्या आईला बोलावलं, बँकेला कळवलं. आता पोलीस ठाण्यात निघालो आहोत. पिंकी अजूनही त्या ताईला नाही, आईलाच घाबरते आहे.

ही पोस्ट आयांना पाठवा. मुलांना मात्र एवढंच पाठवा: काहीही झालं असलं तरी मला सांग, मी तुझ्याच बाजूनं आहे.