तोंडातला द्यायचा, गळ्यातला घ्यायचा

पाणबुड्यांकडे किस्से साठतात, कारण पाण्याखाली बोलता येत नाही. एवढा वेळ गप्प राहिलेला माणूस वर आला की आधी मास्क काढतो आणि लगेच दुसऱ्याची टर उडवायला लागतो. मी काठावर बसलेली असते, त्यामुळे सगळं माझ्याच पदरात पडतं.

नाशिकला समुद्र नाही, मग पाणबुडे कशाला, असं सगळेच विचारतात. अहो, धरणाचे दरवाजे असतात, वीजकेंद्राकडे पाणी नेणाऱ्या कालव्यांच्या जाळ्या असतात, विहिरीत पडलेल्या पंपाच्या मोटारी असतात. कामाला तोटा नाही. टीम तिघांची. दादा मालक, संपत नवा गडी आणि मी सामान जोडणारी.

*

दादांचा नियम एकच : श्वासाला जे लागतं ते दोन-दोन. दोन सिलिंडर, दोन रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या तोट्या, आणि त्यांना हवा पोचवणाऱ्या नळ्या, दोन होज. एक बिघडला तर दुसरा हवाच. ही सवय त्यांच्या घरातही शिरलीय. स्कूटरच्या दोन किल्ल्या, दोन चष्मे, दोन छत्र्या. एकदा मी वहिनींना चिडवलं, "सगळं दोन-दोन, मग बायको तेवढी एकच कशी?"

वहिनी भाजी निवडत म्हणाल्या, "नीट चौकशी कर. ठेवली असेल कुठंतरी."

दादा चहा अर्धा टाकून होज तपासायला गेले.

*

हे होज जोडायची एक रीत आहे. लांब होज उजव्या काखेखालून काढायचा, छातीवरून तिरका न्यायचा आणि मानेमागून फिरवून तोंडाशी आणायचा. आखूड होजच्या टोकाचा रेग्युलेटर रबरी माळेत ओवून गळ्यात, हनुवटीखाली.

पिंपळगावला एका द्राक्षबागायतदाराच्या विहिरीवर मी हे जोडत होते. मालक कमरेवर हात ठेवून बघत होते.

"ताई, एका माणसाला एवढ्या नळ्या? माझी दोन एकर बाग भिजती यवढ्यात."

मी म्हटलं, काका, यातून पाणी नाही, हवा जाते. त्यांनी मान हलवली. पुन्हा एकदा सगळ्या नळ्या निरखून बघितल्या आणि विचारलं, "मंग खत कुठून सोडता?"

*

आता गंमत अशी, की साथीदाराची हवा संपली तर त्याला आपल्या तोंडातला रेग्युलेटर द्यायचा आणि आपण गळ्यातला घ्यायचा. तोंडातला चालू आहे याची खात्री असते. शिवाय घाबरलेला माणूस तोच ओढतो.

संपत चांदवडचा. विहिरीत पोहून वाढलेला, दम दांडगा. पण दादांना तोंडातला द्यायचा म्हटलं की त्याचा हात अडायचा. "उष्टा कसा देऊ ओ तुमाला? तुमी मोठे."

स्विमिंग टँकमधल्या पहिल्या सरावात त्यानं गळ्यातला कोरा रेग्युलेटर दादांपुढे धरला. तो होज आखूड. तो तोंडात धरायचा तर दादांना संपतला चिकटावंच लागलं. दोघं गालाला गाल लावून टँकभर फिरले. मुलांना पोहायला घेऊन आलेल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या.

वर आल्यावर दादा म्हणाले, "संपत, माझं लग्न झालंय."

मग मात्र गंभीर झाले. "तोंडातला देत नाहीस तोवर तुला धरणावर नेणार नाही."

धरणाचं काम म्हणजे वर्षभराची भाकर. त्यासाठी संपतनं द्राक्षं पेट्यांत भरायच्या पॅकहाउसमधली नोकरी सोडली होती. त्याचा चेहरा उतरलेला बघून मला फार वाईट वाटलं.

*

पुढच्या खेपेला त्यानं खरंच तोंडातला काढला. मी काठावर सुटकेचा निःश्वास टाकला. पण पठ्ठ्यानं आधी तो पाण्यातच खळखळून विसळला आणि मग दोन्ही हातांनी, मान लववून पुढं केला.

दादा वर येऊन म्हणाले, "अरे, मी बुडत होतो. पाहुणा आलो नव्हतो."

*

संपतच्या बायकोला, मंदाला, हे कळलं. ती फटकळ आहे. माझ्यादेखत म्हणाली, "लेकीनं चोखलेलं बिस्कीट खाता ना? तव्हा कुठं जातं तुमचं उष्टं?"

"ती ल्हान हाय. दादा मोठे हायेत."



*

आणि मग ती चांदवड रस्त्याची विहीर. मोटार काढायची होती आणि दादांना भाच्याच्या साखरपुड्याला जायचं होतं. घाईघाईत गाडीत मागं पडलेला जुना सेट उचलला. एक सिलिंडर, एक होज. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे गं." संपतला मात्र सवय व्हावी म्हणून पूर्ण जोडी लावायला लावली.

दोघं खाली उतरले आणि थोड्याच वेळात विहीर उकळायला लागली. होज फुटला की सगळी हवा अशी एकदम बाहेर पडते. मग बुडबुडे थांबले. मी दोर धरून उभी होते. दादांच्या गळ्यात दुसरा नव्हता. खाली फक्त संपत होता.

दोन डोकी वर आली. दादांच्या तोंडात संपतचा लांब होज, संपतच्या तोंडात गळ्यातला.

दोघं पायरीवर बसले. दादा खोकून खोकून लाल झाले होते. संपत मान खाली घालून म्हणाला, "दादा, माफ करा. तसाच दिला."

दादांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"सकाळी मिसळ खाल्लीस?"

"हां."

"कुठली?"

संपतनं घाबरत घाबरत मिसळीची गाडी कुठं लागते ते सांगितलं.

"उद्या सहाला मला तिथं घेऊन चल," दादा म्हणाले. "तिथूनच धरणावर जाऊ."