आमची पोरगी हिंगोलीलाही जात नाही

माझ्या मुलीचा व्हिसा मी कुरुंद्याच्या एका चहाच्या हॉटेलात बसून, पूर्ण शुद्धीत, चार मिनिटांत बिघडवला.

अश्विनीनं परभणीला राहून अन्नतंत्राची पदवी घेतली. पुढचं शिक्षण तिला आयर्लंडमध्ये घ्यायचं होतं. शिकता शिकता तिथं थोडे तास कामही करता येतं म्हणे. सहा महिने ती कागद जमवत होती. फॉर्मवर ‘खर्च कोण करणार’ या रकान्यात माझं नाव आणि माझा मोबाइल नंबर. ती म्हणाली, “पप्पा, कधीतरी दिल्लीहून फोन येईल. विचारतील ते खरं सांगा. बस.” सगळ्या खटाटोपात माझ्या वाट्याला आलेलं काम एवढंच.

पण घरात दुसराही एक नियम होता, तो बायकोचा. व्हिसा हातात पडल्याबिगर कुणाजवळ बोलायचं नाही, आणि भावकीजवळ तर नावच काढायचं नाही. दृष्ट लागते. (आमच्या भागात अंगणभर हळद वाळत असताना कुणी विचारलं, ‘यंदा बरी झाली वाटतं?’ तर ‘कुठली, कंद कुजून सगळी गेली’ असंच सांगतात. विचारणारा त्या हळदीला वळसा घालूनच आलेला असतो. तोही मान हलवतो आणि स्वतःचीही कुजली म्हणून सांगतो. यात कुणी कुणाला फसवत नाही. ही आमची रीत आहे.)

तर त्या दिवशी मी हॉटेलात बसलो होतो. समोर दिगंबरदादा, माझा थोरला चुलतभाऊ. आमच्या शेतांचा बांध एक. फोन वाजला. माझा फोन कानाला लावला तर ऐकू येत नाही, स्पीकरच लावावा लागतो. उठून बाहेर जाता आलं असतं. पण फोन आल्यावर उठून जाणारा माणूस काहीतरी लपवतो, हे दादाला कुणी शिकवावं लागत नाही. मी बसूनच राहिलो.

एक बाई शुद्ध हिंदीत म्हणाल्या की त्या दिल्लीहून पडताळणीसाठी बोलत आहेत. मग थेट मुद्द्यावर आल्या.

“आपकी बेटी अश्विनी पढ़ाई के लिए आयर्लंड जा रही है?”

दादाची बशी ओठापाशी थांबली.

“नही जी,” मी म्हणालो. “हमारी लडकी तो हिंगोलीतक अकेली नही जाती.”

(चार वर्षं होस्टेलवर राहिलेली मुलगी!)

“उसका खर्चा आप उठाएँगे?”

“हम कायका खर्चा उठाते? हल्दी पूरी सड गई.”

“आपकी ज़मीन कितनी है?”

मी दादाकडं बघितलं. त्याला माझी जमीन बांधापासून बांधापर्यंत पाठ. तरी तोंडातून निघालं, “है थोडी. उसमे भी पत्थरच पत्थर.”

तिकडून काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं की मुलीचा पुढचा विचार काय आहे. इथं तरी मी गप्प बसायला हवं होतं.

“शादी,” मी म्हणालो. “लडका देख रहे.”

फोन कुणाचा आहे हे मला पहिल्याच प्रश्नाला कळलं होतं. माझी कबुली ती हीच. मी मनात ठरवून टाकलं होतं की घरी जाऊन त्याच नंबरवर फोन लावू आणि सगळं खरं सांगू. दादानं विचारलं, कुणाचा फोन? मी म्हणालो, फसवणुकीचा. ते तसं खोटं नव्हतं, फक्त फसवणारा मी होतो.

घरी येऊन फोन लावला. त्या नंबरवर उलटा फोन लागतच नव्हता. मी गोठ्यामागं उभा राहून अकरा वेळा लावून बघितला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. बायकोनं पित्त समजून आल्याचा रस पाजला. मी तो प्रायश्चित्त म्हणून प्यालो.

तिसऱ्या दिवशी अश्विनीला ईमेल आला. वडिलांचं बोलणं आणि अर्जातली माहिती जुळत नाही, दहा दिवसांत खुलासा द्या, नाहीतर अर्ज नामंजूर. तिनं तो मोठ्यानं वाचला आणि शेवटी मराठीत सांगितलं, “यात लिहिलंय की माझं लग्न ठरून राहिलंय.”

मी सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “पप्पा, तुमच्याकडं एकच काम होतं.”

बायको म्हणाली, “तोंड उघडायचं नव्हतं तर फोन उचलला काहून?”

नांदेडच्या व्हिसा-सल्लागारानं उपाय काढला. मी प्रतिज्ञापत्र करायचं की लोकांदेखत घरचं सांगायची आमच्यात रीत नाही, म्हणून मी खोटं बोललो. सोबत, तो फोन समोर बसून ऐकलेल्या माणसाची साक्ष. म्हणजे ज्याच्यापासून लपवण्यासाठी एवढं केलं, त्याच्याच दारात मला जायचं होतं.

मी गेलो. ओसरीवर बसून, मान खाली घालून, आयर्लंडपासून गोठ्यापर्यंत सगळं सांगितलं. दिगंबरदादा सुपारी कातरत ऐकत होता.

“मला म्हयनाभरापासून माहीत हाय,” तो म्हणाला. “तुझ्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं. कुणाला सांगू नको म्हणून.”

“मंग हॉटेलात बोलला काहून न्हाईस?”

“तू एवढा जीव तोडून लपवून राहिला होतास. म्हणलं, तुझा मान ठेवावा.”

चौकशी केली तेव्हा कळलं की हॉटेलवाल्यालाही माहीत होतं. आमच्या गावाला ठाऊक असलेली ही गोष्ट मी फक्त व्हिसावाल्यांपासून लपवली होती.

दादा वसमतला वकिलाकडं आला, साक्ष दिली, सही केली. सही झाल्यावर वकिलाला म्हणाला, “अजून एक लिहा. ह्याच्या रानात दगड न्हाई. माझ्या बांधाला लागून हाय, मला माहीत हाय, समदी काळी माती हाय.” वकिलानं तेही लिहिलं.

व्हिसा आला. अश्विनी गेली. परवा तिनं तिथल्या कॉलेजचा फॉर्म व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर दाखवला. अडीअडचणीला फोन कुणाला करायचा, त्या रकान्यात पहिला नंबर तिच्या आईचा, दुसरा दिगंबरकाकांचा. मी विचारलं, बाळा, माझा? ती म्हणाली, “पप्पा, मला खरंच काही झालं, तर ते तुम्हाला विचारतील. आणि तुम्ही सांगाल, आम्हाला मुलगीच नाही.”

खोली भावकीनं भरलेली होती आणि फोन स्पीकरवर होता.