उजवी बाजू कोरडी

आमच्या नालवाडीच्या घराला चांगलं ऐसपैस पोर्च आहे, पण माझी स्कूटर बारा महिने बाहेर उन्हात. पोर्चमध्ये यांची विलायती गाडी असते. दोन दारं, दोन सीटा, आठ सिलिंडर, आणि डिक्की एवढीशी की त्यात तांदळाचं पोतं मावत नाही. लग्न होऊन आले तेव्हाच मी माहेरी सांगितलं होतं, सासू बरी आहे, सवत मात्र पेट्रोल पिते.

हे म्हणजे योगेंद्र, माझे यजमान. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, नळ, खिळे, पंपाचे सुटे भाग. गाडी यांच्या काकांची, अण्णाजींची. ते वारल्यावर ती कोणालाच नको होती म्हणून आमच्याकडे आली. दर चतुर्थीला हे ती घेऊन केळझरच्या गणपतीला जायचे आणि परत आल्यावर देवाबद्दल कमी, गाडीबद्दल जास्त बोलायचे. मग ती धूर ओकायला लागली. सिलिंडरांवर जी जड झाकणं असतात, ज्यांना हेड म्हणतात, ती दोन्ही तडकली होती. इंजिनाच्या पोटातला कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा तो लांब दांडा, तोही झिजला होता. यांनी सगळं विलायतेहून मागवलं. खोकी आली, दिवाणाखाली गेली, आणि जानेवारीत यांना लकवा मारला.

दुकानात खिळे तोलता तोलता तराजू हातातून सुटला. दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून जीव वाचला, वाचाही परत आली. उजवा हात मात्र पुरता आला नाही. शर्टाची गुंडी लावताना थरथरायचा. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो यांनी गच्चीवरून भिरकावून दिला. एकदाच हिंमत करून दुकानात गेले. आंजी गावच्या एका गिऱ्हाइकाला नळाचे वायसर देताना सगळे फरशीवर सांडले आणि त्या बिचाऱ्यानेच वाकून गोळा केले. त्याने चांगुलपणाने केलं. पण हे घरी आले ते पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत.

दुकान मी चालवू लागले. शेजारच्या मोबाइलवाल्याला आमचा गाळा येत्या दिवाळीपासून भाड्याने हवा होता, तो रोज विचारायचा. मी आज-उद्या करत होते. तेवढ्यात एका सकाळी यांनी दिवाणाखालची खोकी ओढून काढली.

"हे इंजिन मी ह्याच हातानं बसवतो," हे म्हणाले. "सुरू झालं तं दुकानात येतो. नाई झालं तं गाळा देऊन टाक त्याले. मंग मले काई म्हणजो नको."

"हात दाखवून अवलक्षण कायले करता?" मी म्हटलं. "मिस्त्री बोलावू ना."

"मिस्त्री आला तं मी घरातून निघून जाईन."

मला राग आला. माझं आठ महिन्यांचं ऊर फुटेस्तोवर राबणं एका भंगार गाडीवर लावून मोकळे झाले! पण बोलले नाही, कारण जानेवारीपासून पहिल्यांदा या माणसाने काहीतरी हवं असल्यासारखं तोंड केलं होतं.

कॅमशाफ्ट बसवायचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. इंजिनाच्या पुढचं सगळं काढलेलं, आणि तो दांडा समोरून सरळ आत सरकवायचा. आतली बेअरिंगं मऊ असतात, दांड्याचा एक उंचवटा जरी घासला तरी ओरखडा पडतो आणि सगळं वाया. हे गुडघ्यांवर बसले. दांड्याचं टोक भोकासमोर आलं आणि उजवा हात थरथरायला लागला. मी पुढे झाले.

"लावू नको हात," हे दातओठ खात म्हणाले.

सासूबाई, वच्छलाबाई, दारात उभ्या होत्या. त्या तोंडाने गणपती म्हणत होत्या, पण आवाज निघत नव्हता. यांनी डावा हात खाली टेकवून उजव्याला त्याचा आधार दिला आणि दांडा बोटबोट आत जाऊ लागला. कुठे अडला की थांबायचे, श्वास सोडायचे, किंचित फिरवायचे. शेवटी तो जागेवर बसला तेव्हा यांच्या पाठीवर बनियन चिकटलं होतं आणि माझ्या हातातल्या कणकेच्या गोळ्याचं काय झालं ते मलाच माहीत.

पुढे दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला तराजू, मापं, विळी, बोल्ट आवळायचे पाने, सगळ्या औजारांची पूजा होते आणि त्या दिवशी त्यांना कोणी हात लावत नाही. हेडं अजून चढवायची होती, म्हणून उघडं इंजिन यांनी जुन्या चादरीने झाकून ठेवलं. मी दुकानात पूजेला गेले, हे आपट्याची पानं घेऊन सोनं वाटायला गेले. घरी फक्त सासूबाई. परत आलो तर पोर्चमध्ये पाटावर पाने ओळीने मांडलेले, त्यांवर झेंडू, गाडीच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. चादरीची टोकं नीट खोचलेली. हे कधी काही खोचत नाहीत, एवढं माझ्या लक्षात आलं. पण सासूबाईंच्या हाताला घडी घातल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी सोडून दिलं.

मग दोन्ही हेडं चढली. एक एक बोल्ट ठरलेल्या क्रमाने, थोडा थोडा आवळायचा. ठरावीक जोर लागला की कट्ट आवाज करणारा पाना यांनी आणला होता. प्रत्येक कट्टसाठी हे अख्ख्या अंगाने ओढायचे. एखाद्या बोल्टला आवाज यायचा नाही, हात गळून जायचा, मग थांबून पुन्हा. मी स्वयंपाकघरात कान देऊन असायचे. कट्ट आलं की माझीही मान सैल पडायची.

इंजिन सुरू करण्याआधी तेल वरपर्यंत पोचतं की नाही ते पाहावं लागतं. वर तेल नसताना सुरू केलं तर नवे भाग एकमेकांना खाऊन टाकतात. हेडांवरची झाकणं उघडी ठेवून यांनी ड्रिलने तेलाचा पंप फिरवला. थोड्या वेळात डाव्या बाजूला तेल पाझरलं, चकाकायला लागलं. उजवी बाजू कोरडी. ड्रिल गरम झालं, त्यातून जळका वास यायला लागला, हे फिरवतच राहिले. डावीकडे तेलाचा ओघळ, उजवीकडे थेंब नाही.

यांनी ड्रिल खाली ठेवलं. आपल्या उजव्या हाताकडे असं पाहिलं की मला तो हात पदराखाली लपवावासा वाटला.

"बसवण्यात कुठंतरी चुकलो," हे म्हणाले. "ह्या हाताचा भरवसाच नाई."

"उघडून पाहा ना पुन्हा."

"कायले? पुन्हा हाच हात लावीन ना? त्याले गाळा देऊन टाक, रूपाली."

आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला संतापच आला. गाडीचा, हाताचा, मोबाइलवाल्याचा. मी भांडी आपटत होते. सासूबाई हळूच माझ्याजवळ आल्या.

"काय झालं व? काऊन निजला थो?"

"उजव्या बाजूले तेल जाऊन नाई राह्यलं, आई. तेलाची वाट बंद झाली कुठंतरी."

"वाट म्हंजे?"

"भोक असते बारकं. खालून वर जाते."

 सासूबाई परक्या घरात आल्यासारख्या बिचकत पोर्चपर्यंत गेल्या, गाडीच्या उजव्या अंगाला उभ्या राहिल्या, परत आल्या. चेहरा पांढरा पडला होता. मग सरळ यांच्या पलंगाशी गेल्या.

"योगेन, ऊठ. म्या अक्षता टाकलत्या."

हे वळले. "कुठं?"

"दसऱ्याले. तुह्या इंजिनवर. चादर काढली होती म्या. देवाची पूजा झाकून करते का कोणी? मंग पायाखाली येऊ नाई म्हणून दिसल्या तेवढ्या वेचून घेतल्या. ह्या बाजूनंच उभी होती मी. उजव्या."

हे उठून बसले. मला वाटलं, आता आईवर ओरडणार. सासूबाईंनाही तेच वाटलं असावं, त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. पण यांच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती. कारण आता एकच गोष्ट पाहायची राहिली होती. भोकात तांदूळ निघाले तर हात खरा, नाही निघाले तर हात खोटा, आणि मग कुठलीच पळवाट नाही.

पूर्ण दुपार बोल्ट सोडण्यात गेली. जे चढवलं ते सगळं उतरवलं. उजवं हेड आम्ही दोघांनी मिळून उचललं आणि पोत्यावर ठेवलं. खाली इंजिनातल्या तेलाच्या भोकाशी बॅटरी धरली, पण आत काळंच दिसत होतं. माझ्या केसातला आकडा काढून मी यांच्या हातात दिला. यांनी त्याचं टोक वाकवलं आणि आत घातला.  पहिल्यांदा आकडा नुसताच बाहेर आला. दुसऱ्यांदाही नुसताच. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

तिसऱ्यांदा आकड्याला एक लाल तांदूळ चिकटून आला. त्याच्यामागे दुसरा, आणि तिसरा, कुंकवाने एकमेकांना धरून बसलेले.

 यांनी ते तांदूळ डाव्या तळहातावर घेतले, कितीतरी वेळ पाहिले, आणि मग हमसून हमसून रडायला लागले. जानेवारीपासून हा माणूस रडला नव्हता.

"आई, हात बरोबर होता व," एवढंच म्हणत होते.

हेड काढलं की त्याच्याखालचं गॅस्केट, म्हणजे मधला पातळ पत्रा, नवं घालावं लागतं; त्याचा दुसरा सेट होता. चार दिवसांनी पुन्हा ड्रिल फिरवलं तेव्हा दोन्ही बाजू तेलाने न्हाल्या. किल्ली फिरवली, गाडी दोनदा खोकली आणि असा आवाज केला की समोरच्या घरातली माणसं ताटावरून उठून आली. यांनी खिडकीतून हाक मारली, "आई, आण आता तुह्या अक्षता!"

"आधी बोनेट लाव, बाप्पा!" सासूबाई दारातूनच ओरडल्या.

बोनेट लागलं. तरी त्यांनी अक्षता गाडीवर टाकल्या नाहीत. यांचा उजवा हात ओढून घेतला, त्याला कुंकू लावलं आणि तळहातावर अक्षता ठेवल्या. "ह्या औजाराची पूजा राहून गेलती," त्या म्हणाल्या. हात थरथरत होता, तांदूळ हलत होते, पण यांनी मूठ मिटली आणि एकही खाली पडला नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "किल्ली दे."

"गाडीतच तं आहे."

"दुकानाची," हे म्हणाले.