पांढऱ्या गाडीचा होकार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गुरुग्रामला जाऊन एक गाडी चालवून पाहिली. मी पुढे, शेजारी शोरूमचा सेल्समन. ती मागे, तिच्या शेजारी आमचा मुलगा. शनिवार होता, सकाळचे अकरा. घरून निघताना तिने नाश्ता केला नाही. म्हणाली, "शोरूममध्ये चहा देतात. बिस्किटंपण देतात." दिली.

गाडी म्हणजे आमच्याकडे होती तिचंच नवं मॉडेल. नाव तेच, तोंड वेगळं. उंच, चारही चाकांनी ओढणारी, डोंगर चढणारी. आम्ही राहतो मयूर विहारला. तिथे चढायला फ्लायओव्हर आहे.

नवी बघायचं कारण एवढंच की जुनी डिझेलची होती. इथे दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षं, पुढे ती रस्त्यावर काढायची नाही. मी साठाव्या वर्षी घरी बसलो, गाडी दहाव्या वर्षी. ती बसायला तीन महिने उरले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, जुनी एक्सचेंजमध्ये देऊ, नवी घेऊ. बिल्कुल टेन्शन घेऊ नका." मुलगा गुरुग्रामला वीस मजली ऑफिसात असतो. तो टेन्शन घेऊ नका म्हणाला की मी घेतो.

मी सातवी शिकलोय. पस्तीस वर्षं सरकारी खात्यात ड्रायव्हर होतो. सुरुवातीची वर्षं जीपवर, सर्व्हेवाल्यांना घेऊन डोंगरात. नंतर साहेबांच्या पांढऱ्या गाडीवर. म्हणून गाडीतलं मला कळतं. घ्यायची की नाही, हे मात्र मला कळत नाही. ते खातं तिच्याकडे होतं.

तिची एक रीत होती. मोठी गोष्ट असली की ती त्या दिवशी उत्तर देत नसे. "सकाळी सांगते" म्हणायची आणि कामाला लागायची. रात्रभर विचार करायची असंही नाही, चांगली घोरायची. सकाळी चहाचा कप ठेवताना उत्तर द्यायची आणि ते मग बदलायचं नाही. मी तिला बघायला कराडजवळ तिच्या गावी गेलो होतो, तेव्हा तिच्या वडिलांनी तिला विचारलं आणि तिने आतून सांगितलं, सकाळी सांगते. आम्ही पाहुणेमंडळी शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. माझे मामा चिडले होते. "पोरगी आहे की कलेक्टर," म्हणाले. सकाळी होकार आला. मामांनी तिला ते आयुष्यभर ऐकवलं आणि तिने त्यांना आयुष्यभर पातळ चहा दिला.

दिल्लीची बदली, मुलाची शाळा, मयूर विहारचा फ्लॅट, सगळं असंच ठरलं. जुनी गाडीसुद्धा. मी रिटायर झालो तेव्हा मला उंच गाडी हवी होती. आयुष्यभर साहेबांच्या बसक्या गाडीत बसून समोरच्या ट्रकचं ढुंगण बघितलं होतं. ती म्हणाली, "आपल्याला कुठला डोंगर चढायचाय?" मी म्हटलं, चढायचा नाही, पण चढता यायला हवा. ती म्हणाली, सकाळी सांगते. सकाळी कप ठेवला आणि म्हणाली, "घ्या. पण पांढरी नको. पांढऱ्या गाडीत तुम्ही ड्रायव्हर दिसता."

तेव्हा चॉकलेटी घेतली.

ती जुनी कशी होती ते सांगतो. दार लावायला जोर लागायचा, नाहीतर ते अर्धंच लागायचं आणि आश्रम नावाच्या गर्दीच्या चौकात आपोआप उघडायचं. हँडब्रेक हाताने ओढायचा, कर्र आवाज यायचा, म्हणजे लागला हे कळायचं. चार चाकं जोडायला वेगळा दांडा होता. तो दहा वर्षांत एकदा वापरला. यमुनेच्या खादरात, काठच्या गाळाच्या जमिनीत, भाजी पिकवतात, तिथे अंबाडी मिळते असं हिला कुणीतरी सांगितलं होतं. गेलो आणि चिखलात रुतलो. दांडा टाकला, गाडी गुरगुरत बाहेर आली. एक म्हैस बघत होती. हिने मांडीवरची जुडी सरळ केली आणि म्हणाली, "चला, एकदाची कामाला आली." भाजी अंबाडी नव्हती. पण खाल्ली.

जुनीत चढणं हे तिच्यासाठी काम होतं. वरची कडी धरायची, डावा गुडघा आत टाकायचा, "आई गं" म्हणायचं आणि उरलेलं अंग ओढून घ्यायचं. मागे घेताना ती उतरायची, मागे उभी राहायची आणि "या, या, या" करायची. पस्तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला असं या या करणं बरोबर नाही. एकदा मी तिला तसं म्हटलं. ती बाजूला झाली आणि मी खांबाला लागलो. परत म्हटलं नाही.

इंजिनाचा आवाज एवढा की ओरडून बोलावं लागायचं. त्यामुळे आमचं गाडीतलं बोलणं थोडं आणि कामाचं. "दही घ्यायचंय." "काय?" "दही." "बरं."

आता नवी.

दार नुसतं टेकवलं की लागतं. हँडब्रेक नाही, बटण आहे. लागला की नाही हे एक दिवा सांगतो, आपण विश्वास ठेवायचा. चार चाकांचा दांडा नाही, एक गोल खटका आहे, त्यावर चिखलाचं, वाळूचं आणि बर्फाचं चित्र. समोर घरातल्या टीव्हीपेक्षा थोडा लहान टीव्ही. मागे घेताना त्यावर मागचं दिसतं आणि टीं टीं वाजतं. आणि दार उघडलं की खालून एक पायरी आपोआप बाहेर येते.

मुलगा म्हणाला, "आई, बघ, फूटस्टेप ऑटोमॅटिक आहे."

"पायरी म्हण रे."

"हां, पायरी."

तिने पायरीवर पाय ठेवला आणि आत गेली. "आई गं" म्हणाली नाही. मग उतरली, दार लावलं, पायरी आत गेली. परत उघडलं, पायरी बाहेर आली. असं तीनदा केलं. सेल्समन हसून बघत होता. तो सगळ्यांना असंच बघत असणार, पण वागायला चांगला होता.

रस्त्याला लागल्यावर तिने वर बघितलं. छताला काच होती.

"हे कशाला?"

"सनरूफ, आई. आकाश दिसतं," मुलगा म्हणाला.

"दिल्लीत?"

सिग्नलला मी थांबलो आणि इंजिन बंद पडलं. ती घाबरली. "बंद पडली का हो?" सेल्समनला मराठी कळत नव्हतं, पण प्रश्न कळला. "नहीं मैडम, ये खुद बंद होती है, खुद चालू होती है." ती मुलाला म्हणाली, "आमच्याकडे एक आहेत असे. बंद आपले आपण पडतात, चालू मला करावे लागतात." मुलाने ते सेल्समनला हिंदीत सांगितलं. तो हसला. मीही हसलो, कारण सिग्नल लांब होता.

शोरूमला परत आल्यावर तिने विचारलं की पिशवी अडकवायला हूक कुठे आहे. सेल्समनने दाखवला. मग त्याने सांगितलं की लगेच हवी असेल तर पांढरी तयार आहे, दुसऱ्या रंगाला चार महिने. तिने बिस्किट चहात बुडवलं. तो म्हणाला, "तो मैडम?" ती म्हणाली, "सुबह बताऊँगी."

आम्ही दोघं जुनीतून घरी आलो. वाटेत मी एकदा ओरडून विचारलं, "काय वाटलं?" ती ओरडून म्हणाली, "सांगितलं ना सकाळी सांगते." मग म्हणाली, "दही घ्यायचंय." घेतलं.

संध्याकाळी सहाला तिने कणीक मळली, हात धुतले, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "अहो, मला बरं वाटत नाही." हे वाक्य ती त्याआधी कधी बोलली नव्हती, म्हणून मी लगेच उठलो. शेजारच्या वहिनी तिला धरून मागे बसल्या. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. रस्त्यात गर्दी नव्हती. डॉक्टर जागेवर होते, लगेच धावले. साडेसातला ते बाहेर आले आणि मला खुर्चीवर बसायला सांगितलं. दोष द्यायला मला आजपर्यंत काही सापडलेलं नाही.

आता पाच महिने झाले. नवी गाडी खाली उभी आहे. पांढरी. जुनी दिल्लीबाहेर कुठेतरी गेली, कुठे ते मी विचारलं नाही.

दर रविवारी मुलगा येतो, गाडी पुसलेली बघतो आणि म्हणतो, "बरं झालं बाबा, आईला आवडली होती."

"तुला कसं ठाऊक?"

"ती किती हसत होती यार त्या दिवशी."

"बिस्किट चांगलं होतं."

नातेवाइकांत त्याने सांगून ठेवलंय की बाबांनी आईची शेवटची इच्छा पुरी केली. महाराष्ट्र मंडळात एका बाईंनी माझ्यापुढे हात जोडले. मीही जोडले. तिची इच्छा होती की नव्हती हे मला ठाऊक नाही. मला तेवढंच हवंय, बाकी सगळं लोकांनी दिलंय, डबेसुद्धा.

मी गाडीत बसून हिशेब लावतो. पायरी तीनदा बघितली, म्हणजे हो. पण पायरी तिने गंमत म्हणूनही बघितली असेल, ती लिफ्टचं दारसुद्धा बघत उभी राहायची. हूक विचारला, हा पक्का हो. जी वस्तू घ्यायची नाही तिचे हूक ती विचारत नसे. आकाशावरून बोलली, तो ना होकार ना नकार. इंजिन बंद पडल्यावर घाबरली, तो अर्धा नकार. आणि पांढरी. पांढरी म्हणजे सरळ नकार. सेल्समनने पांढरी म्हटल्यावर तिने वर बघितलंसुद्धा नाही. गुडघ्यासाठी पांढरी चालवून घेतली असती का? चार महिने थांबू म्हणाली असती का? चार महिन्यांत जुनी बंद झाली असती, तर मध्ये मेट्रोने जाऊ म्हणाली असती. ती असं म्हणू शकते. किंवा म्हणाली असती, आता तुम्ही ड्रायव्हर दिसलात तरी बघायला कोण बसलंय.

दोन्ही बाजूंनी वजन केलं की काटा मध्येच राहतो. गाडी म्हणून विचाराल तर नवी जुनीपेक्षा सगळ्या बाबतींत चांगली आहे. हे मी ड्रायव्हर म्हणून लिहून देतो. फक्त आत इतकं शांत असतं की मी खिडकी उघडी ठेवतो.

मुलाला वाटतं मी विचार करून घेतली. तिच्यानंतर चौथ्या दिवशी शोरूमवाल्याने कागदांसाठी त्याला फोन केला, तेव्हा तो माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तुम्ही हो म्हटलंत?" मी म्हटलं, "म्हटलं." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता लिहितोय, वाचेल. मराठी वाचायला त्याला वेळ लागतो, पण वाचेल.

झालं असं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. दहाला न्यायचं ठरलं होतं. मुलगा खाली गाडीची वाट बघत होता, बायका तिच्याभोवती बसल्या होत्या. साडेनऊला माझा फोन वाजला. मी स्वयंपाकघरात गेलो. सेल्समन होता.

"नमस्ते अंकल जी. मैडम ने सुबह बताने को कहा था. क्या बोलीं मैडम?"

नको म्हणायचं तर तो का म्हणून विचारणार. मग मला ते वाक्य बोलावं लागलं असतं. तोपर्यंत मी ते बोललो नव्हतो. मुलाला शेजारच्या वहिनींनी फोन केला होता, गावी मुलाने कळवलं होतं, मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि माझं पहिलं सांगणं गाडी विकणाऱ्या माणसाला, तेही हिंदीत, हे मला जमेना.

त्याला वाटलं फोन कटला. "हैलो? तो सर, व्हाइट वाली फाइनल कर दूँ?"

पस्तीस वर्षं ड्रायव्हरांच्या खोलीत फोन उचलला होता. पलीकडून काहीही विचारलं तरी इकडून एकच उत्तर द्यायचं असतं. गाडी पंक्चर असली तरी तेच, ताप असला तरी तेच.

"जी साहब," मी म्हणालो.

"बहुत बधाई, सर. मैडम को भी मेरी तरफ़ से."

"जी साहब."

फोन ठेवला. नळाला पाणी होतं, ते दहाला जातं. घाटावरून परत आल्यावर सगळ्यांना आंघोळी करायच्या होत्या आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी बाही वर केली आणि बादल्या भरायला लागलो.