भिंतीपलीकडच्या नंदाक्का

नंदाक्का हजेरी घ्यायच्या तेव्हा समोर आठ मुली असायच्या आणि नावं निघायची त्रेपन्न. खणखणीत आवाजात, एकेक सावकाश. "प्रणिता!" कोणी बोलायचं नाही. "साक्षी!" कोणी बोलायचं नाही. प्रणिता लग्न होऊन पुण्याला गेलेली, साक्षी कुठंतरी इंजिनिअर झालेली. अक्का त्यांच्या नावापुढे गैरहजर अशी खूण करायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. मला ती यादी पाठ होती, कारण आमच्या मध्ये एका विटेची भिंत होती. लातुरात एका बंद पडलेल्या डाळमिलच्या गोदामाचे दोन भाग पाडले होते. एकात मी दहावीचं गणित शिकवायचो, दुसऱ्यात अक्का बॅले शिकवायच्या. होय, बॅले. पायाच्या बोटांवर उभं राहून करतात तो परदेशी नाच. लातुरात!

मी तक्रार घेऊन गेलो. म्हटलं, "अहो बाई, सोडून गेलेल्या मुलींच्या नावानं रोज कशाला ओरडता? माझी पोरं त्रिकोणमिती करतायत."

अक्का म्हणाल्या, "गेल्या न्हाईत सर, नेल्या. फरक हाय. उद्या एखादी वापस आली तर म्हणायला नको, की अक्कानं नाव खोडलं."

आता अशा बाईशी काय भांडणार? मी भांडलोच, तो भाग वेगळा.

अक्का उदगीरच्या, लिंगायत व्यापाऱ्याची लेक. लहानपणी मुंबईला मामाकडे राहिल्या आणि तिथे एका म्हाताऱ्या पारशी बाईकडे दहा वर्षं बॅले शिकल्या. वडील आजारी पडले म्हणून परत आल्या आणि लातुरात अकादमी काढली. शिकून मोठ्या होतील त्या मुलींची एक कंपनी करायची, तिचे गावोगाव कार्यक्रम करायचे, हा एकच ध्यास. लोक म्हणाले, इथं हे कोण शिकणार? त्यावर अक्कांचं उत्तर ठरलेलं. "म्हणून तर आले. मुंबईत शिकवणारे लई हायेत." पन्नाशीची बाई, पण पाठ अशी ताठ, की समोरचा माणूस नकळत आपली पाठ सरळ करायचा. मुली आधाराला धरायच्या ती दांडी म्हणजे बोअरचा उरलेला पाईप. मुलींना त्या ओरडायच्या, "सरळ ऱ्हावा! वाकवायला गाव टपलेलं हाय, तुमी आपनहून कशाला वाकता?" हे वाक्य भिंतीतून आलं की माझ्या वर्गातली पोरंसुद्धा बाकावर सावरून बसायची.

बोटांवर उभं राहायला टोकाशी कडक असलेले खास बूट लागतात. मुंबईहून आणलेले महिन्याभरात फाटायचे. एक दिवस अक्कांनी फाटका बूट गंजगोलाईच्या बाजारात एका चपला शिवणाऱ्याकडे नेला आणि त्याच्यासमोर सुरीनं उभा चिरला. "बघ, आत काय हाय? गोणपाट, पुठ्ठा अन् खळ. डाळीच्या गावात आपण गोणपाटाला मोताद हावोत का?" चार जोड वाया गेले, पाचवा टिकला. तेव्हापासून लातूरच्या मुली लातूरच्या बुटांवर उभ्या राहायला लागल्या.

पण बुटाचं जमलं तरी दहावीचं जमत नव्हतं. लातुरात दहावी म्हणजे कोणी न मरता घरात पाळलेलं सुतक. टीव्ही बंद, लग्नकार्य बंद, पाहुणे बंद. आणि त्या सुतकाचा भटजी मी! दर जूनमध्ये बाप मंडळी पेढ्याचा पुडा घेऊन अक्कांकडे यायची. "लई शिकवलंत अक्का. पण आता दहावी हाय, पोरीचं नाव काढा."

"पेढे कशाचे?" अक्का विचारायच्या. "पोरगी जिंकली का हारली? वापस न्या." पुडा परत जायचा आणि पोरगीही त्याच्याबरोबर जायची. मुलगी जरा तयार व्हायला लागली की गेलीच. कंपनी काही उभी राहत नव्हती. पंधरा वर्षं हेच चाललेलं.

मग ऋतुजाचं वर्ष आलं. तिचे वडील शिवराजअप्पा, चाकूरला बारदान्याचे व्यापारी, म्हणजे पोती-गोणपाटाचे. ते चाकूरला, आणि आई पोरीच्या शिक्षणासाठी लातुरात खोली करून राहिलेली. जूनमध्ये अप्पा पेढे घेऊन आले आणि पोरगी घेऊन गेले. जुलैमध्ये आई तिला मागच्या दारानं परत घेऊन आली. म्हणाली, "अक्का, पोरगी जेवून न्हाई राहिली. यू द्या तिला. ह्यांना तेवढं सांगू नका." बघता बघता सात जणी तशाच आल्या, कोणी आठवीतली, कोणी दहावीतली. बाप बिलोलीला नाहीतर अहमदपूरकडे, आया लातुरात आणि पोरी चोरून अक्कांकडे. आयुष्यात पहिल्यांदा अक्कांची कंपनी झाली. त्यांनी नांदेडला सभागृह ठरवून टाकलं, डिसेंबरातला रविवार.

त्याच रविवारी माझी मोठी सराव परीक्षा होती. ऋतुजा माझी पहिल्या नंबरची विद्यार्थिनी. निकालानंतर चौकातल्या फ्लेक्सवर तिचाच फोटो लावायचा हे मी मनात पक्कं केलेलं. अक्का आल्या आणि म्हणाल्या, "सर, त्या दिवशी माझ्या पोरी नांदेडला हायेत."

"परवानगी मिळणार नाही," मी म्हणालो.

"मागायला कोण आलंय? सांगायला आले."

माझं डोकं फिरलं. रविवारी सकाळी ऋतुजाचा बाक रिकामा दिसला आणि मी चाकूरला फोन लावला. "अप्पा, तुमची मुलगी परीक्षेला आलेली नाही. नांदेडला नाचायला गेली आहे." अप्पा एवढंच म्हणाले, "चाकूरला या सर, जीप काढतो." परीक्षा मदतनिसावर सोपवून मी एसटीनं चाकूर गाठलं आणि तिथून त्यांच्या जीपमध्ये बसलो. नांदेड येईपर्यंत अप्पांनी जीप कुठंच थांबवली नाही.

आम्ही रंगमंचाच्या मागच्या दाराशी पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. दारात अक्का, दोन्ही हात चौकटीला लावून. अप्पा त्यांच्या दुप्पट अंगाचे. "सरका," अप्पा म्हणाले. "पोरगी माझी हाय."

"मी कुठं न्हाई म्हणून राहिले?" अक्का म्हणाल्या. "पण नाच सुरू झालाय. मधातून उचलायची असंल तर मला तुडवून जावा. न्हाईतर गपचूप हितंच उभं ऱ्हावा, दिसतंय हितून."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. आणि अप्पा उभे राहिले.

इस्लापूरजवळच्या धबधब्यावरून अक्कांनी तो नाच बसवला होता. मला त्यातलं काय कळतंय! पण आठ मुली पाण्यासारख्या कोसळत होत्या, उसळत होत्या, आणि सगळ्यांत पुढे ऋतुजा. मधेच तिच्या उजव्या बुटाचं टोक फुटलं. गोणपाटाच्या चिंध्या बाहेर आल्या. मला वाटलं, आता ही थांबणार. छे! तिनं ओठ दाबला आणि परत त्याच पायाच्या बोटांवर उभी राहिली.

पडदा पडला. बापाला बघून पोरगी पांढरीफटक झाली. अप्पा तिच्याजवळ गेले, खाली बसले आणि तिचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. बूट काढला. फाटलेलं गोणपाट दोन बोटांत चोळून पाहिलं, जसं ते दुकानात रोज बघतात.

"हे वापरलेलं बारदान हाय," ते अक्कांवर कडाडले. "पावसात कुजलेलं. असल्या मालावर माझी लेक उभी केली तुमी?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला इचारायचं. कोरा माल दिला असता."

पुढच्या आठवड्यात चाकूरहून कोऱ्या गोणपाटाचा गठ्ठा आला. ऋतुजा सकाळी माझ्याकडे आणि संध्याकाळी अक्कांकडे यायला लागली, पुढच्या दारानं. फोन कोणी केला होता, हे अक्कांनी कधी विचारलं नाही. मी मात्र भिंतीकडे तोंड करून शिकवायचं टाळायला लागलो. लाज वाटायची, खरंच सांगतो.

लगेच जानेवारीत अक्का दवाखान्यात गेल्या. पोटाचं दुखणं, वर्षभर अंगावर काढलेलं. डॉक्टरांनी हलू नका म्हणून बजावलेलं आणि चादरीखाली बाईंचा पाय ताणणं-सोडणं चालू. मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, त्या रविवारी चाकूरला फोन मी केला होता."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण करणार?"

"माफ करा मला."

"माफ कशाला? पंधरा वर्षं मी अकादमीच्या कार्यक्रमाच्या पत्रिका वाटून राहिले. आया त्या गादीखाली दडपत्यात. एक बाप फिरकला न्हाई. तुमी चुगली केली अन् बाप त्याच दिवशी हजर!" हसताना त्यांना कळ आली, तरी हसल्या. "फेब्रुवारीत नांदेडला परत कार्यक्रम हाय. आता बाकीच्या सातांनाबी फोन करा."

मला वाटलं, चेष्टा करतायत. त्यांनी माझं मनगट धरलं. "चेष्टा न्हाई सर. चोरून किती दिवस नाचायचं पोरींनी?"

आठ दिवसांनी अक्का गेल्या. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडलो. गणिताच्या सरांना तसं रडताना माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं, पाहू दे. कार्यक्रम रद्द करायचा का, असं मी ऋतुजाला विचारलं, तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

कार्यक्रमाच्याच रविवारी मी सराव परीक्षा ठेवली, आठवी ते दहावी सगळ्यांना खुली, मुद्दाम. आधी सातही खोल्यांवर जाऊन आयांना विचारलं. त्या घाबरल्या. शेवटी बिलोलीवाली म्हणाली, "करा सर फोन. लपवून लपवून मीच कटाळले." मग बाकीच्या सहाजणींनीही मान हलवली. रविवारी सकाळी नऊ वाजता मी एकेक नंबर फिरवला. "तुमची मुलगी परीक्षेला आलेली नाही. नांदेडला नाचायला गेली आहे. ताबडतोब निघा." एकानं मला आईवरून शिवी दिली, ती मी शांतपणे ऐकून घेतली.

सातही बाप आले. बिलोलीचे तर गव्हाला पाणी देता देता उठून आलेले, पायाचा चिखलही वाळला नव्हता. रागानं नुसते धुमसत होते सगळे. मी एकेकाला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं, शेवटच्या खुर्चीवर शिवराजअप्पांना बसवलं, कोणी उठलंच तर अडवायला. आणि सभागृहाचं दार आतून लावून मी त्याला पाठ टेकवून उभा राहिलो, ताठ.